चेन्नई ते तंजावर, बाबांच्या शेजारच्या सीटवरून

आदली रात्र : तांबरम

चेन्नईच्या तांबरम उपनगरात, ताईच्या घरी, भाचा मोबाइलवर रेल्वे बघत होता. एग्मोरहून रात्री निघायचं, पहाटे तंजावरात उतरायचं, झोपही मोडत नाही, असं तो आजोबांना पटवत होता. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "एसटी जात नाही का?"

"आजोबा, इथं एसटी नसते."

"सरकारी गाडी असते ना? मग ती एसटीच."

विषय संपला. बाबा कऱ्हाड आगारात १९७८ साली कंडक्टर म्हणून लागले आणि २०१२मध्ये निवृत्त झाले. चौतीस वर्षं उभ्यानं प्रवास केलेला हा माणूस कुठल्याही गावी गेला की आधी स्टँड बघतो, मग देऊळ. मला तंजावरचा मराठी शिलालेख बघायचा होता आणि बाबांना तिथं जाणारी गाडी. त्यामुळे भांडणाला तशी जागाच नव्हती.

ताईनं माहिती पुरवली. तमिळनाडूत एसटीची महामंडळं एक नाही, आठ. चेन्नई शहराचं वेगळं, लांब पल्ल्याच्या गाड्यांचं वेगळं, आणि उरलेली सहा विभागवार : विळुप्पुरम, सेलम, कोइम्बतूर, कुंभकोणम, मदुराई, तिरुनेलवेली. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आठ एमडी." आणखी थोड्या वेळानं, "तोटा पण आठ जागी वाटून घेत असतील."

झोपायच्या आधी ताईनं वहीच्या पानावर मोठ्या तमिळ अक्षरांत ‘तंजावूर’ लिहून दिलं. बाबांनी पान दिव्याखाली धरलं आणि पहिलीतल्या पोरासारखं पाठ करायला घेतलं. दुसऱ्या आणि शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर टिंब, ही खूण त्यांनी मनाशी पक्की केली. आयुष्यभर दुसऱ्यांना पाट्या वाचून दाखवल्या. "ही गाडी कुठली ओ?" हा प्रश्न त्यांनी किती हजार वेळा ऐकला असेल. आता तो विचारायची पाळी त्यांच्यावर आली होती आणि ती टाळायची त्यांची जोरदार तयारी चालली होती.

दिवस पहिला : किलांबाक्कम ते तंजावर

चेन्नईहून दक्षिणेकडं जाणाऱ्या सरकारी गाड्या आता कोयंबेडूहून सुटत नाहीत. ३० डिसेंबर २०२३ला वंडलूरच्या पुढं किलांबाक्कमला नवं स्टँड उघडलं. त्याला नाव करुणानिधींच्या जन्मशताब्दीचं आहे, पण लोक किलांबाक्कमच म्हणतात. मूळ चेन्नईकरांच्या तोंडून त्याबद्दल तक्रारीच ऐकू येतात. गावात राहणाऱ्याला गाडी पकडायलाच एक प्रवास करावा लागतो. तांबरमच्या ताईला मात्र ते अंगणात आल्यासारखं आहे. शहर बसनं आम्ही साडेसहाला तिथं पोचलो.

८८ एकरांवर पसरलेलं स्टँड. आत शिरलं की विमानतळासारखी फरशी, उंच छत, सरकते जिने. बाबा दारातच थांबले. आमच्या कऱ्हाडच्या स्टँडची सवय. तिथं कंट्रोलरच्या खिडकीपाशी उभं राहिलं की सगळे फलाट नजरेत येतात. "इथं चुकलेलं माणूस शोधायला मुक्कामाची गाडी लागेल," असं म्हणून त्यांनी खिशातली चिठ्ठी काढली.

आणि पहिल्याच फलाटावर गडबड झाली. गाड्यांच्या पाट्यांवर चिठ्ठीतलं नाव कुठंच दिसेना. बाबा एकेका गाडीसमोर उभे राहून पाटी आणि कागद जुळवत होते. ड्रायव्हर लोक वरून कौतुकानं बघत होते. मी दोनदा "विचारूया का?" म्हटलं, दोनदा हात वर करून मला थांबवलं. एका गाडीपाशी मात्र ते बराच वेळ रेंगाळले. पाटीवर तीनच अक्षरं. पहिली दोन चिठ्ठीतलीच, दुसऱ्याच्या डोक्यावर टिंबही होतं. पुढचं सगळं वेगळं.

"हीच," बाबा म्हणाले.

"कशावरून?"

"अगं, पाटीत जागा नसली की आपण नाही का ‘को.पूर’ लिहायचो? यांनी पण गावाचं नाव तोडलंय."

ते खरं निघालं. तमिळमध्ये तंजावरला लाडानं आणि थोडक्यात ‘तंजै’ म्हणतात आणि पाट्यांवर सर्रास तेच लिहितात. हे मला कंडक्टरनं सांगितल्यावर कळलं. बाबांना ते कुणी न सांगता कळलं होतं. त्यानंतर कुंभकोणमपर्यंत त्यांची मान ताठ होती.

गाडी साधी, बिनएसीची, दोन-तीन सीटांची. बाबांनी दारामागची दुसरी सीट निवडली, कंडक्टरचं काम नीट दिसावं म्हणून. सात दहाला गाडी हलली आणि बाबांना दुसरा धक्का बसला. घंटीच नाही. आपल्याकडं छताला लागून दोरी असते, कंडक्टर ओढतो, ड्रायव्हरच्या कानाशी घंटी वाजते. एक बेल थांब, दोन बेल चल. इथं कंडक्टरच्या तोंडात शिट्टी. तिचा हिशेबही तोच : एक मारली की थांबायचं, दोन मारल्या की निघायचं. वर "पोलाम्, राईट!" अशी आरोळी. पोलाम् म्हणजे जाऊया. बाबांना शिट्टी फार पसंत पडली नाही. ("दिवसभर फुंकून दम लागत असेल बिचाऱ्याला.") पण ‘पोलाम् राईट’ त्यांनी लगेच उचललं आणि ताईला फोन करून ऐकवलंही.

कंडक्टर पस्तिशीचा, कपाळाला विभूतीचे पट्टे. त्यानं यंत्रातून तिकिटं काढून दिली तेव्हा बाबांनी स्वतःकडं बोट दाखवलं, हवेत पंच धरून टिकटिक केलं आणि म्हणाले, "मी पण. कंडक्टर. महाराष्ट्रा." पोराचा चेहरा फुलला. मग पुढं जवळजवळ दोन तास, तिकिटं संपली की तो येऊन बाबांच्या समोरच्या दांडीला टेकायचा. त्याला मराठी येत नाही, यांना तमिळ येत नाही, इंग्रजी दोघांचंही बेताचं. पण डेपो, डिझेल, ड्यूटी, डबल ड्यूटी, लीव्ह, पेन्शन, मेमो, चेकिंग एवढ्या शब्दांवर त्यांचं छान चाललं होतं. ‘मेमो’ म्हणताना दोघांनीही कपाळाला हात लावला. तो बाबांना ‘अय्या’ म्हणत होता आणि मला ‘अक्का’. कऱ्हाडला भाजीवाली मला याच नावानं हाक मारते, फक्त ‘आ’ लांबवून.

भाड्यावरून बाबांनी बोटं मोजली. तमिळनाडूत बसची भाडी शेवटची वाढली ती २०१८च्या जानेवारीत. आपल्याकडं आम्ही निघायच्या जेमतेम तीन आठवडे आधी, २०२५च्या जानेवारीत, एसटीचं भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं होतं. "सात वर्षं!" बाबा म्हणाले. प्रवासी म्हणून त्यांना आनंद झाला असावा. कंडक्टर म्हणून त्यांना लगेच पगाराची काळजी वाटली आणि त्यांनी त्या पोराला विचारलंही. पोरानं हातानं ‘चाललंय’ असं केलं.

परनूरचा टोलनाका, मग चेंगलपट्टूचं कोलवाई तळं, रस्त्याला आणि रेल्वेला चिकटून. पुढं पालार नदी. पूल भला लांब आणि खाली वाळूच वाळू, पाण्याचा एखादाच ओघळ. मदुरांतकमचं तळं मात्र भरलेलं होतं. त्या गावातल्या रामाला ‘तळं राखणारा राम’ म्हणतात, असं ताईनं सांगून ठेवलं होतं. बाबांनी गाडीतूनच हात जोडले. मेलमरुवत्तूरला लाल साड्या नेसलेल्या बायकांचा लोंढा उतरला, तिथल्या देवीचं दर्शन लाल वस्त्रांत घेतात. उतरणाऱ्या एकीची चप्पल पायरीत अडकली तर बाबा सवयीनं उठलेच, आधी शिट्टीवाला पोचला म्हणून परत बसले.

या सगळ्या रस्त्यावर दर चार-पाच किलोमीटरला एक पाटी दिसते, तिच्यावर पितळी पेला आणि वाटी रंगवलेली : कुंभकोणम डिग्री कॉफी. कुंभकोणम अजून दोनशे किलोमीटर लांब असतं. जसं आपल्याकडं पुण्याच्या रस्त्यावर कोल्हापूरची मिसळ.

नाश्त्याला गाडी महामार्गावरच्या एका हॉटेलात थांबली. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की पोंगल गार होता, भाव गरम होता आणि कंडक्टर-ड्रायव्हरना आतल्या खोलीत वेगळं वाढलं जात होतं. बाबा त्या खोलीकडं बघून जुन्या आठवणीनं हसले. "हे सगळीकडं सारखंच."

तिंडिवनमला एक पाटी जिंजीकडं बोट दाखवत होती. इथूनच पश्चिमेला जिंजीचा किल्ला. १६८९ साली राजाराम महाराज रायगडाच्या बाजूनं निघून, वेष पालटून, इतक्या लांब येऊन पोचले आणि १६९८पर्यंत मराठ्यांची गादी या मुलखात राहिली. शाळेत हे एका परिच्छेदात उरकलं होतं. आता नकाशावर नाही तर बुडाखाली ते अंतर कळत होतं. आमच्या या प्रवासानंतर, २०२५च्या जुलैत, युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात महाराष्ट्राबाहेरचा एकटा जिंजी आहे. त्या सकाळी मात्र आम्हाला फक्त दगडगोट्यांच्या टेकड्या आणि पाटी दिसली. बाबा म्हणाले, "घोड्यावर किती दिवस लागले असतील?" कंडक्टरनं ते तमिळमध्ये विचारल्यासारखं समजून घेतलं आणि घड्याळ दाखवलं : अजून पाच तास.

विक्रवंडीला मोठा महामार्ग सुटतो आणि खरा रस्ता सुरू होतो. खरा म्हणजे बाबांच्या हिशेबानं, जिथं गावं रस्त्याला लागून असतात आणि ड्रायव्हरचं नाव घ्यावंसं वाटतं. कुठं नवे चार पदर, कुठं खोदून ठेवलेलं, कुठं अर्धवट पुलाच्या सळया आभाळाकडं. बाजूला ऊस. कऱ्हाडच्या माणसाला ऊस दिसला की घर दिसल्यासारखं होतं, पण बाबांनी लगेच नाक मुरडलं, "पेर लहान आहे." पण्रुटीला फणसाचा हंगाम अजून सुरू झाला नव्हता, पण काजूचे ढीग होते. नेय्वेलीला मातीचे डोंगर आणि वीजकेंद्राच्या चिमण्या. लिग्नाइटच्या या खाणींची कंपनी १९५६ सालची. पुढं सेतियातोप्पूजवळ वीराणम तळ्याचं पाणी नळातून दोनशेवर किलोमीटर चेन्नईला नेतात. म्हणजे आम्ही सकाळपासून त्या पाण्याच्या उलट दिशेनं चाललो होतो.

गंगैकोंडचोळपुरमचं शिखर झाडांवरून डोकावलं. राजेंद्र चोळानं गंगेपर्यंत मोहीम मारली आणि नवी राजधानी वसवली, ती ही. आता तिथं खेडं आहे. एक म्हातारी कोंबडा घेऊन चढली. कंडक्टरनं कोंबड्याचं तिकीट काढलं की नाही ते मला दिसलं नाही. बाबांनी पाहिलं, पण व्यवसायाचा मान राखून सांगितलं नाही.

मग कोल्लिडम आली. कावेरीचा हा उत्तरेकडचा फाटा. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत हिला कोलेरून म्हणतात. हिच्याच काठी, इथून वर तिरुमळवाडीला, १६७७ साली शिवाजी महाराज आणि व्यंकोजीराजे भेटले. सावत्र भाऊ, बापाच्या वाटणीवरून बोलणी फिसकटली आणि व्यंकोजी रातोरात नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. "भावकी," एवढंच बाबा बोलले. आमच्या गावाकडच्या तीन एकरांची केस त्यांच्या डोळ्यांपुढं आली असणार. इथल्या अणैकरै गावात ऑर्थर कॉटननं १८३६ साली बंधारा बांधला. त्याच्यापलीकडं जमीन एकदम बदलते. सपाट, ओली, जिकडंतिकडं पाट. भाताची कापणी चालू होती, कापणीची यंत्रं रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चिखलात फिरत होती आणि कापलेल्या रानात चार बोटं हिरवं काहीतरी उगवलेलं. बाबांनी शेजाऱ्याला खुणेनं विचारलं. "उळुंदु," तो म्हणाला. कळेना. मग त्यानं हातानं मधे भोक असलेला गोल काढला आणि तोंडात टाकल्यासारखं केलं. मेदुवडा! उडीद. भात उभा असतानाच त्यात उडीद फेकतात, कापणी झाली की तो नुसत्या ओलीवर वाढतो. बाबांनी आपल्या तीन एकरांत हे चालेल का याचा विचार तंजावर येईपर्यंत केला.

कुंभकोणमला दहा मिनिटं. खरी डिग्री कॉफी इथं प्यायली. महामार्गावरच्या पाट्यांशी तिचं नातं लांबचं आहे. साडेतीनला तंजावरचं नवीन स्टँड. ते गावाबाहेर आहे, तिथून शहर बसनं जुन्या स्टँडवर. कंडक्टर उतरून खाली आला, बाबांशी हात मिळवला आणि गळ्यातली शिट्टी काढून क्षणभर त्यांच्या तळहातावर ठेवली. बाबांनी ती न फुंकता परत दिली.

दिवस दुसरा : भिंत

सकाळी सहाला बृहदीश्वराचं देऊळ उघडतं. १०१०च्या सुमाराला राजराज चोळानं पूर्ण केलं, शिखर २१६ फूट. याबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी भर घालत नाही. फक्त एक : या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असं सगळे सांगतात. बाबांनी सकाळी साडेसातला ती पडलेली पाहिली, तिच्यात उभे राहिले आणि मला फोटो काढायला लावला.

आम्ही आलो होतो प्राकाराच्या भिंतीसाठी. नैऋत्येच्या बाजूला ओवरीत, लिंगांच्या रांगेमागं, दगडावर देवनागरी. १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसल्यांच्या घराण्याचा अख्खा इतिहास इथं कोरून घेतला. मराठीतला सर्वांत लांब शिलालेख म्हणून याचं नाव घेतात. पर्यटक येत होते, बोटांनी अक्षरं चाचपत होते, पुढं जात होते. त्यांच्या लेखी ती नक्षी होती. काल आमच्या लेखी गाडीची पाटी होती तशी.

वाटलं होतं धाडधाड वाचू. तसं झालं नाही. शब्द तोडलेले नाहीत, ओळ धावत सुटते, काही ठिकाणी दगड झिजलेला. बाबांनी चष्मा वर केला, डोळे बारीक केले आणि कालच्याच पद्धतीनं सुरू केलं : ओळखीचं एक अक्षर धरायचं, मग शेजारचं. "भो... भोसले. हे बघ, राजे." मग दोन शब्द सुटायचे आणि पुन्हा एक हाती लागायचा. अर्ध्या तासात आम्ही दोन हातांएवढी भिंत वाचली असेल. एक शाळेची सहल आली. बाईंनी बाबांना वाचताना पाहिलं आणि तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मग मोडक्या इंग्रजीत : "यू कॅन रीड धिस?" बाबांभोवती तीस पोरं जमली. ते एकेका शब्दावर बोट ठेवत मोठ्यानं वाचू लागले आणि पोरं त्यांच्यामागून म्हणू लागली, "भोसले! शिवाजी! राजे!" अर्थ कुणालाच विचारावासा वाटला नाही.

दुपारी राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय. सरफोजी हा अजब माणूस होता. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढला, इंग्रजी शिकला, १७९८ला गादीवर बसला. तोवर राज्यातलं खरं राज्य कंपनी सरकारकडं जायला लागलेलंच होतं. मग उरलेली सगळी हौस त्यानं पुस्तकांवर, वैद्यकावर, संगीतावर काढली. काशीयात्रेहून हस्तलिखितं आणली. १८०५च्या सुमाराला देवनागरी छापखाना काढला आणि इसापनीतीचं मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ १८०६ साली छापलं. पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव होता. मला राहून राहून वाटतं की मराठी छपाईच्या आपल्या गोष्टीत तंजावरला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी आपण दिलेली नाही. लांबच्या नातलगांचं लग्नाच्या यादीत होतं तसं काहीसं.

इथं मोडीची दप्तरंही आहेत, दरबाराच्या कारभाराची. काचेपलीकडचा एक मोडी कागद बघत बाबा बराच वेळ उभे राहिले. आमच्या घरी पणजोबांचा असाच एक कागद आहे, ट्रंकेच्या तळाशी. आजोबांना वाचता यायचा. बाबांना येत नाही. मला तर नाहीच. देवनागरी भिंतीवर सकाळी जी मान ताठ झाली होती ती इथं जरा खाली आली.

बाहेर ओट्यावर एक गृहस्थ बसले होते, सत्तरीपुढचे, पांढरी वेष्टी, खांद्यावर पंचा. आमचं बोलणं ऐकून म्हणाले, तुम्ही मराठी का? ते तंजावरी मराठीत म्हणाले. शब्द आपले, चाल तमिळ, आणि काही शब्द असे की आपल्याकडं पोथीत सापडतात. त्यांच्या घरी अजून तीच भाषा बोलतात, पण सगळे लिहितात तमिळमध्ये. जेवणात डांगर पच्चडी आणि पिटलं अजून आहे. सांबाराचा विषय निघालाच. संभाजीराजे पाहुणे आले, आमटीत आमसूल नव्हतं म्हणून चिंच घातली आणि तिचं नाव सांबार पडलं, ही गोष्ट त्यांनी रंगवून सांगितली. "लेखी पुरावा आहे का?" बाबांनी विचारलं. गृहस्थ हसले. नाही, पण गोष्ट चांगली आहे. बाबांनीही मान हलवली. निघताना ते बाबांना म्हणाले, तुमचं मराठी फार वेगात आहे. आम्हाला त्यांचं संथ वाटलं होतं.

दिवस तिसरा : पाच पूल आणि एक छत्र

तिरुवैयारूला जायला जुन्या स्टँडवरून साधी शहर बस. मी पैसे पुढं केले तर कंडक्टरनं हात आडवा केला आणि मला शून्य रुपयाचं तिकीट दिलं. २०२१पासून तमिळनाडूत साध्या शहर बसमध्ये बायकांना भाडं नाही. बाबांना मात्र पूर्ण पैसे. वर त्यांना डावीकडच्या सीटवरून उठवलं, कारण ती बायकांची बाजू. "आपल्याकडं बायकांना निम्मं तिकीट आहे ना," ते उभ्याउभ्या म्हणाले, "पण शून्याचं तिकीट फाडतात हे बरं आहे. हिशेब राहतो." फुकट प्रवास देणाऱ्या सरकारपेक्षा तो लिहून ठेवणाऱ्या कंडक्टरचं त्यांना जास्त कौतुक.

तेरा-चौदा किलोमीटरांत बस नद्यांवरून जातच राहते. वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. गावाचं नावच ‘पाच नद्या’. बाबा पूल मोजत होते. कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे. १७६७ ते १८४७, म्हणजे त्यांचं गाणं तंजावरच्या मराठी राजांच्या काळातलं. सरफोजीराजांनी दरबारात बोलावलं आणि ते गेले नाहीत, अशी गोष्ट सांगतात. समाधीचं मंदिर बांधलं बंगळूरू नागरत्नम्मांनी, आपल्या पैशांनी. ज्या काळात इथल्या आराधनेत, म्हणजे त्यांच्या स्मरणाच्या वार्षिक संगीत उत्सवात, बायकांना गाऊ देत नव्हते त्या काळात. आम्ही गेलो तेव्हा तिथं कुणी नव्हतं, एक माणूस पायऱ्या झाडत होता. परत येताना मुगाच्या डाळीचा अशोक हलवा खाल्ला. पानावर तुपाचा ओघळ. बाबांनी डायबेटिसची गोळी दाखवून अर्धा घेतला आणि मग माझ्यातला अर्धा.

दुपारी पट्टुकोट्टैच्या रस्त्यावर ओरत्तनाडू. तिथं जायचं आमच्या यादीत नव्हतं, कालच्या वेष्टीवाल्या गृहस्थांनी सांगितलं म्हणून गेलो. इथं मुक्तांबाळ छत्र आहे. मुक्तांबाळ ही सरफोजीराजांची प्रिय स्त्री. तिच्या नावानं १८०२च्या सुमाराला हे उभं केलं. छत्र म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा. रामेश्वरला जाणारे यात्रेकरू याच वाटेनं जायचे आणि तंजावरच्या राजांनी वाटेवर अशी छत्रं बांधत नेली होती. वास्तू केवढी तरी मोठी, बरीचशी थकलेली.

कंपनी सरकार छत्रांचं उत्पन्न काढून घेईल या धास्तीनं सरफोजीराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला एक पत्र लिहिलं होतं. मी ते आधी वाचलं होतं, तिथं ओसरीवर बसून बाबांना सांगितलं. छत्रात येणाऱ्या कुणालाही, कुठल्याही जातीचा असो, जेवण मिळतं. शिजवलेलं चालत नसेल त्याला शिधा. आजारी पडला तर वैद्य. मुलांना दूध. जेवणं मध्यरात्रीपर्यंत चालतात आणि मध्यरात्री घंटा वाजवतात, न जेवता झोपी गेलेले कुणी असतील तर त्यांना उठवून जेवायला बोलावतात.

बाबांनी तेवढं वाक्य मला पुन्हा सांगायला लावलं.

"घंटा कोण वाजवायचं?"

"ते नाही लिहिलेलं."

"असेल कुणीतरी ड्यूटीवर," ते म्हणाले. मग बराच वेळानं त्यांनी पाटणच्या बाजूच्या मुक्कामाच्या गाडीची आठवण काढली. रात्री नऊला गाडी शेवटच्या गावात पोचायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच गाडीत झोपायचे, सकाळी साडेपाचला परत. एक घर होतं तिथलं. त्या घरातली म्हातारी जेवलात का हे विचारायला कंदील घेऊन यायची. झोपले असले तर पत्रा वाजवायची.

परतीची रात्र

रात्रीची गाडी एसी, झोपायची. पाटी बाबांनी चिठ्ठी न काढता वाचली. निदान तसं सांगितलं. खरं म्हणजे तिच्यावर इंग्रजीतही लिहिलं होतं. कुंभकोणम गेलं तसे दिवे मालवले. घंटी नाही, शिट्टी नाही, वेगळा कंडक्टरही नाही. ड्रायव्हरच सगळं बघतो. बाबांना हे मुळीच आवडलं नाही आणि ते जागेच राहिले.

बाराच्या सुमाराला गाडी कुठल्याशा हॉटेलापाशी थांबली. ड्रायव्हरनं दार उघडलं, तमिळमध्ये एकदाच काहीतरी ओरडला आणि उतरून गेला. कुणी हललं नाही. माझाही डोळा लागत होता. तेवढ्यात वरच्या बर्थचा पडदा सरकल्याचा आवाज आला आणि बाबा चप्पल शोधत खाली उतरले. त्यांनी छताकडं हात नेला. तिथं दोरी नव्हती. मग कठड्याच्या नळीवर अंगठीनं वाजवलं, ठण्‌. आणि गाडीच्या मधल्या वाटेनं पुढून मागं चालत, प्रत्येक पडद्यापाशी थांबून, मराठीत :

"चला, उठा, वीस मिनिटं गाडी थांबणार. जेवणाचं कुणी राहिलंय का? आजी, पायरी उंच आहे, सावकाश."

पडदे हलले. एक तरुण पोरगं डोळे चोळत उठलं, मग एक बाई, मग तिचं मूल. सगळे उतरले.